फॅसेलियाची कापणी

यंदा बटाट्याच्या वाफ्याला विश्रांती द्यायची, असं मी ठरवलं. (वाफ्याला विश्रांती म्हणजे मला विश्रांती, हे आनेग्रेटने, म्हणजे बायकोने, तेव्हाच ओळखलं.) तिथे फॅसेलिया पेरायचा. तो आपोआप वाढतो, जांभळा फुलतो, मधमाश्या खूश होतात. मग कापून मातीत गाडला की झालं हिरवळीचं खत.

फॅसेलिया असा फुलला की लाइपझिगमधल्या यच्चयावत मधमाश्या आमच्याकडे जेवायला आल्या. पाठोपाठ, ज्या बागसंघाकडून आम्ही हा बागेचा तुकडा भाड्याने घेतलाय त्याच्या अध्यक्षा, विटकॉपबाई, कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो प्लागे, बी धरायच्या आत कापा हे. नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्यांच्या वाफ्यांत हेच उगवेल. सोमवारी बघायला येते. तणाबद्दल एक ताकीद तुम्हाला झालेलीच आहे. दुसरी झाली की बाग दुसऱ्याला!"

आनेग्रेटचा चेहरा पांढराफटक पडला. "बाग गेली तर तू दिवसभर बसणार कुठे?"

"घरी. तुझ्याजवळ."

"ऊठ आणि काप!"

शनिवारी गवत कापायचं मशीन काढलं, तर फुलांवर मधमाश्यांची झुंबड. मशीन घालवेना. (दया होतीच. भीती जास्त होती.) दुपारी आणि संध्याकाळी संघाची विश्रांतीची वेळ, कुणी आवाज करायचा नाही, म्हणजे मशीन बंद. रविवारी तर दिवसभर बंद.

शेवटी शेजारच्या ओटकरकडून लांब दांड्याचा विळा आणला. रविवारी संध्याकाळी मधमाश्या घरी गेल्या आणि मी कापत सुटलो. तोंडातून चकार शब्द काढला नाही. (बुटाचं टोक कापलं गेलं तेव्हासुद्धा.)

सोमवारी विटकॉपबाईंनी वाफा बघितला. "काल कापलंत? मग मला आवाज कसा आला नाही?"

"विळ्याने कापलं," मी छाती फुगवून म्हणालो. "जरासुद्धा आवाज होत नाही."

"छान! बाग तुमचीच राहिली. आणि आवाज होत नाही म्हणता, तर विश्रांतीचा नियम तुम्हाला लागूच नाही. संघाच्या रस्त्यांवरचं गवतही तुम्हीच कापा. दुपारी, रविवारी, केव्हाही!"

"रोज पाठवते त्याला," आनेग्रेट म्हणाली. इतक्या आनंदात मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

काल भर दुपारी सगळे आपापल्या बागेत आडवे झाले होते आणि मी एकटा घाम गाळत होतो. तेवढ्यात विटकॉपबाईंनी आपल्या बागेतल्या खोपटाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"प्लागे, धापा जरा हळू टाका! विश्रांतीची वेळ आहे!"