दामूभावोजींची गॅलरी

दामूभावोजींचं घर रोज दोनदा वर जातं आणि दोनदा खाली येतं. भरती आली की वर, ओहोटी लागली की खाली. लिफ्टची कटकट नाही, वॉचमन नाही, सोसायटीची मीटिंग तर नाहीच नाही. वर्सोव्याच्या खाडीत, मढच्या अंगाला, पुढे-मागे दोन नांगर टाकून समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती उंच डोलकाठीची पांढरी शिडाची बोट दिसते ना, तेच त्यांचं घर. पण तुम्ही तिला बोट म्हणालात तर वाट लागली. भावोजी चष्मा कपाळावर चढवणार, तुमच्याकडे बघणार आणि म्हणणार, "घराक घर म्हणूक व्हया."

आणि नुसतं म्हणून थांबत नाहीत. वरचा मोकळा भाग, जिथे हिंडता-फिरता येतं, ती गॅलरी. अगदी पुढचं टोक, जिथे दोर आणि जुनी शिडं कोंबलेली असतात, तो माळा. जिना उतरून खाली गेलं की हॉल, हॉलच्या कडेला ओटा, ओट्यापलीकडे मोरी. सुकाणूचं चाक जिथे आहे ते 'दाराजवळ'. "उषाताई, दाराजवळचं चाक जरा धरा, मी माळ्यावर जाऊन येतो," असं ते मला एकदा म्हणाले, तेव्हा मी खरंच दार शोधत बसले होते.

उषाताई म्हणजे मी. भावोजींची बायको सुमन माझी शेजारीण. अंधेरीला आमची दारं समोरासमोर. एकीच्या फोडणीचा ठसका दुसरीला लागतो इतकी जवळ. भावोजींनी उभा जन्म परदेशी जहाजांवर इंजिन फिटर म्हणून काढला. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. मुलगा कधी बोलायला लागला, कधी शाळेत गेला, सगळं यांनी फोनवर ऐकलेलं. रिटायर होऊन कायमचे घरी आले आणि जमिनीवर झोपच लागेना.

"पलंग हलतच नाही गो," ते सुमनला म्हणायचे.

"मग काय मी हलवू?" सुमन म्हणायची.

अशात कुणा हौशी माणसाने मढला टाकून दिलेली ही बोट त्यांना दिसली. डोलकाठी कललेली, तळाला शिंपल्यांचा थर, आत कबुतरांचा संसार. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. माणूस कामातून गेला, दुसरं काय!

पण काय सांगू तुम्हाला, त्या माणसाने एकट्याने ती उभी केली. तळ खरवडला, इंजिन खोलून परत बसवलं. सुमनच्या शिलाई मशीनवर शीड शिवलं, तेव्हा आमचा अख्खा पॅसेज पांढऱ्या कापडाने भरला होता आणि आम्ही घराबाहेर पडायला त्याच्याखालून रांगत जात होतो. खारं पाणी फार वाईट. नट गंजतात, दोर कडक होतात, उन्हाने कापड विरतं, कुठेतरी ठिबकतंच. भावोजी रोज काही ना काही घासत, पुसत, तेल घालत असतात. दरवर्षी पाऊस संपला की मोठ्या ओहोटीला बोट चिखलात टेकवतात आणि तळाला रंग देतात. ही त्यांची 'दिवाळीची रंगरंगोटी'. माझ्या घरातला नळ तीन महिने गळतो, तेव्हा मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं.

खाडीत आणखी एक बोट असते, एका टोपीवाल्या साहेबांची. रविवारी येतात, बाकी आठवडा बोट एकटीच. ते भावोजींना शब्द शिकवायला गेले. एकदा मोठी सुरमई आणून भावोजींच्या हातात दिली आणि आपल्या बोटीवर परत जाऊन तिथून ओरडले, "हिला गॅलीत ठेवा हो!" त्यांच्या भाषेत गॅली म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर. भावोजींनी ऐकलं गॅलरी. ठेवली गॅलरीत, झकास उन्हात, ताटावर. साहेब हातपाय धुऊन येईपर्यंत खाडीवरच्या सगळ्या घारींचं हळदीकुंकू उरकलं होतं. ताटात फक्त शेपटी.

"म्हणून सांगतो, ओट्यावर ठेवा म्हणायचं," भावोजी म्हणाले. "ओटा म्हटलं की कोण चुकत नाही."

साहेबांना आणखी एक गोष्ट खुपायची. गॅलरीत दोन खुर्च्या नटाने पक्क्या केलेल्या. एकीचं तोंड समुद्राकडे, दुसरीची समुद्राकडे पाठ. "ही उलटी बसवलीय," साहेब दर रविवारी म्हणायचे. "बरोबर बसवलीय," भावोजी दर रविवारी म्हणायचे.

ती खुर्ची सुमनची होती. आणि सुमन एकदाही त्या बोटीवर आली नव्हती.

सुमन पाण्याला घाबरते, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक. जुहूला गेलो तरी ही समुद्राकडे पाठ करून भेळ खाणार. "अगं, मावळतोय बघ किती छान," म्हटलं तर म्हणणार, "मावळू दे, मी काय त्याला पोचवायला आलेय?" भावोजींनी ते लग्नानंतर लगेच हेरलं होतं. बोटीला घर म्हणणं, गॅलरी, ओटा, माळा, हा सगळा खटाटोप तिच्यासाठी. घरातलेच शब्द कानावर पडत राहिले तर हळूहळू तिची भीती जाईल, असा त्यांचा हिशेब.

तोवर त्यांचा एक अजब दिनक्रम बसला होता. सकाळी लहान होडी वल्हवत धक्क्यावर यायचं, रिक्षा करून अंधेरीला, सुमनच्या हातचं जेवायचं, पंखा दुरुस्त करायचा, भांडायचं, आणि संध्याकाळी परत खाडीत. लोक ऑफिसला जाऊन घरी येतात, हे घरून घरी यायचे. निघताना दारात एकच वाक्य, "तू घाबरतेस, तू नको येऊस." सुमन दार लावून घ्यायची. जरा जोरातच.

शिडं तयार, इंजिन तयार. मी एकदा विचारलं, "भावोजी, गोव्यापर्यंत तरी जाऊन या की!"

"तिला टाकून?" ते म्हणाले. "खूप वेळा निघालो, उषाताई. आता नाय."

मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना घरं खाली करायची. मुलुंडहून त्यांचा मुलगा आला आणि आईची खोली तयार आहे म्हणून सांगून गेला. मी बोटीवर गेले तर भावोजी दोर गुंडाळत बसले होते. गुंडाळायचे, सोडायचे, परत गुंडाळायचे.

"मुलुंडला समुद्र नाही. बरं वाटेल तिला," ते म्हणाले. "मी पण जातो. रविवारी साहेब येणार आहेत बघायला. बोट विकतो."

बोट! त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती पेपरात कपबशा गुंडाळत होती. हातातली बशी तिने खाली ठेवली. "बोट म्हणाले?"

"हो गं."

"चल," ती म्हणाली. "मला ने तिथे."

धक्क्यावरून मी हाक मारली, भावोजी होडी घेऊन आले आणि सुमनला बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, मुलुंडला काहीतरी झालं. "तुझ्या बोटीवर यायचंय म्हणतेय" हे माझ्याकडून ऐकल्यावर तर ते वल्ही उलटी मारायला लागले. मी चुकून त्यांना अरे-तुरे केलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. सुमन होडीत अशी उतरली, जशी ती आमच्या जिन्यावरून दूध आणायला उतरते. मी मात्र किंचाळले.

बोटीवर चढल्यावर भावोजींची तारांबळ. "घाबरू नको हां. गॅलरीच आहे. हा कठडा धर. पुढे माळ्याकडे नको जाऊ. ही बघ तुझी खुर्ची, इथे बसलीस की पाणी दिसणारच नाही."

सुमनने खुर्चीकडे बघितलं. "ही उलटी कुणी बसवली?"

"मी. तुला पाण्याची भीती ना..."

"कोण म्हणालं?"

"अगो, जुहूला तू..."

"अहो, माझा बाप तांडेल होता. स्वतःची होडी होती त्याची. वेंगुर्ल्याला त्या होडीच्या पुढच्या टोकावर बसून मी वाढले. आणि त्याला माळा नाही, नाळ म्हणतात. हे लग्नात तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, की तेव्हाही जहाजावर होतात?"

भावोजींचा चष्मा कपाळावर गेला तो तिथेच राहिला. "मग पाठ का करायचीस?"

"राग यायचा!" सुमनचा आवाज फुटला. "दर वर्षी माझ्या माणसाला घेऊन जायचा मेला. त्याच्याकडे काय म्हणून बघू? भीती म्हणे!"

"मग इतकी वर्षं इथे का नाही आलीस?"

"तुम्ही बोलावलंत कधी? रोज दारात उभं राहून 'नको येऊस.' एक दिवस तरी 'ये' म्हणालात?"

मी डोलकाठीकडे बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघणार? माझे डोळे भरून आले होते आणि रुमाल पर्समध्ये, पर्स होडीत.

भावोजी खाली गेले, पाना घेऊन आले आणि त्या उलट्या खुर्चीपाशी उकिडवे बसले. नट गंजलेले. फिरता फिरेनात.

"ये," ते नटाकडे बघत म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"ये गो, सुमन!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की धक्क्यावर जाळी सोडवत बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

सुमनने पदर खोचला आणि नट फिरवायला त्यांच्या शेजारी खाली बसली.