उतरवलंस की लिहिलंस?

लक्ष्मीअक्का दुसऱ्याची यादी वाचतात. न विचारता. सकाळी मी वही उघडली की खांद्यावरून चष्मा पुढे येतो आणि मागोमाग प्रश्न, "काय गं सुनंदा, हे उतरवलंस की लिहिलंस?"

कालची राहिलेली कामं मी आजच्या पानावर उतरवते. सगळं जग तेच करतं. अक्कांच्या लेखी तो गुन्हा आहे.

आम्ही दोघी बेंगळुरूच्या आसपासच्या शाळांत शिक्षिकांना मदत करतो. वर्गात वाचन आणि लेखन दोन्ही बरोबरीने चालावं, एकाने दुसऱ्याला खाऊ नये, एवढंच काम. वेळापत्रक, साहित्य, तक्ते माझ्याकडे, वर्ग अक्कांकडे. त्या निपाणीच्या. बोलायला सुरुवात मराठीत करतात आणि रागावतात कन्नडमध्ये.

आनेकलजवळच्या शाळेत मंजुळा टीचरनी कौतुकाने वह्या दाखवल्या. मोत्यांसारखं अक्षर! अक्कांनी एका मुलीला तिच्याच वहीतली ओळ वाचायला सांगितली. मुलगी फळ्याकडे बघायला लागली. फळा पुसलेला होता.

"टीचर, ही चित्रकला झाली," अक्का म्हणाल्या. "स्वल्प तिचं तिला लिहू द्या की. चुकू दे!"

टीचरचं तोंड एवढंसं झालं. समजूत मी काढली. हे काम यादीत नव्हतं.

चार महिन्यांनी त्याच मुलीने लिहिलं, "आमची कोंबडी फार रागीट आहे." पाच शब्दांत तीन चुका. अक्कांनी ते परतीच्या बसमध्ये कंडक्टरलासुद्धा वाचून दाखवलं.

असं सगळं छान, पण मुलांच्या प्रगतीचे तक्ते? ते भरायचे अक्कांनी, पाठवायचे मी. शुक्रवारपर्यंत बत्तीस मुलांचे तक्ते कार्यालयात गेले नाहीत, तर ही शाळा पुढच्या वर्षी उपक्रमातून बाहेर. मी चार वेळा आठवण करून दिली. उत्तर एकच, "खुणा करणं म्हणजे लिहिणं नव्हे."

गुरुवारी दुपारी मी तडक त्यांच्या जे. पी. नगरच्या घरी गेले. तक्ते टेबलावर होते. चौकटी कोऱ्या, आणि मागच्या बाजूला प्रत्येक मुलावर पानभर मजकूर.

"अक्का! फक्त बरोबरची खूण करायची होती!"

अक्का उठल्या. कपाटातून एक पिवळं पडलेलं आंतरदेशीय पत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. वळणदार अक्षर. मी वाचलं: "रोज सकाळ-संध्याकाळ वापरावे. डबा कोरड्या जागी ठेवावा."

"आईचं," त्या म्हणाल्या. "मी वसतिगृहात होते. बाकीच्या मुलींना आयांची पत्रं यायची, म्हणून तिनंही धाडलं. वाचता येत नव्हतं तिला. पत्ता पोस्टमननं घातला. आत दंतमंजनाचा डबा समोर ठेवून उतरवलंय. बघ की, एक चूक नाही."

मी पत्र घडीवर घडी ठेवून परत दिलं.

"तिला काय सांगायचं होतं," अक्का म्हणाल्या, "ते मला अजून ठाऊक नाही गं."

मी खुर्ची ओढली, पेन काढलं आणि पहिला तक्ता समोर घेतला.

"तुम्ही वाचा अक्का," मी म्हटलं. "सगळं वाचा. खुणा मी करते."