कोंबडीच्या पायांचे राहिलेले चालणे

कोंबडीचे पाय शिजायला घालण्यापूर्वी त्यांचे आयुष्यात राहून गेलेले चालणे पुरे करून द्यावे लागते. एरवी ते शिजत नाहीत. या साध्या गोष्टीभोवती जी कथा सांगितली जाते तिचे तीन पाठ आढळतात. किनाऱ्याकडच्या पाठात पाय पुळणीपर्यंत जाऊन वाळू माखून परततात. घाटावरच्या पाठात कोंबडी जिथे वाढली त्या अंगणाला ते एक फेरी घालतात. तिसरा पाठ कुरणपेठ आणि तिच्या आसपासच्या पाचसहा खेड्यांपुरता आहे. डॉ. पद्माकर तोडकर यांनी आपल्या साडेचारशे पानांच्या ग्रंथात त्याला ‘भ्रष्ट पाठ’ ठरवून एका तळटिपेत जागा दिली. पुढील हकिकत खुद्द तोडकरांच्या घरी घडली आणि ती नेमकी त्या तळटिपेतली आहे.

तोडकरांच्या पत्नी सिंधूताई यांच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड जुळले, पण सिंधूताई पाय जमिनीला टेकवीनात. टेकवला की पुन्हा मोडणार, हे त्यांना ठाऊक होते आणि क्ष-किरणाच्या फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. डॉक्टरांनी गुरुवारची मुदत दिली. तोवर त्या चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल आणि मग भूल देऊन वाकवावा लागेल, असे त्यांनी तोडकरांना बाजूला घेऊन सांगितले. तोडकरांनी ते सिंधूताईंना जसेच्या तसे सांगितले.

“वाकवू देत,” सिंधूताई कॉटवरून म्हणाल्या. “आईच्या पद्धतीचा पायांचा रस्सा पोटात गेला असता तर काही बोलणं होतं. पण तो कोण करणार?”

“मी करतो,” तोडकर म्हणाले. “या विषयावर माझ्याइतकं कोणी लिहिलेलं नाही.”

हे खरे होते. एकोणतीस वर्षे सिंधूताई मागच्या परसात कोंबडीचे पाय फिरवीत असताना तोडकर आतल्या खोलीत बसून त्याविषयी लिहीत होते. मधली खिडकी ते बंद ठेवीत, कारण आवाजाने लक्ष विचलित होई.

सोमवारी सकाळी ते मुनीर मुलाणींच्या चिकनच्या दुकानात गेले. मुलाणी त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“सर, तुम्ही? वहिनींचा पाय कसाय?”

“हाड जुळलंय. त्यांच्यासाठीच रस्सा करायचा आहे. पाय हवेत. गावरान असतील तर बरं.”

“गावरान आज नाहीत, सर. गावरानचं सोपं असतं, जिवंतपणीच उकिरडे पालथे घातलेले असतात, पाच मिनिटांत मोकळे होतात. हे ब्रॉयलरचे आहेत. शेडमध्ये उभ्या उभ्या वाढलेले. यांचं सगळंच चालायचं राहिलंय.”

“काही हरकत नाही. चालणं हे मुळात प्रतीकात्मक असतं. सातव्या प्रकरणात मी ते सिद्ध केलंय.”

“परीक्षेला मी तेच लिहिलं होतं,” मुलाणी म्हणाले आणि त्यांनी चार जोड्या बांधून दिल्या.

घरी येऊन तोडकरांनी ग्रंथ ओट्यावर उघडून ठेवला. पाय जाळावर धरले, गरम पाण्यात बुडवले, पिवळी साल मोज्यासारखी सोलून काढली, कात्रीने नखे छाटली. मग सातव्या प्रकरणानुसार प्रत्येक जोडी दोन बोटांत धरून जेवणाच्या टेबलावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली. टेबल सव्वाचार फूट लांब आहे. आले, लसूण, मिरी, भाजलेले खोबरे असे सगळे वाटून घालून त्यांनी कुकर लावला.

अकरा शिट्ट्या झाल्या. झाकण उघडले तेव्हा रस्सा उत्तम झाला होता आणि पाय होते तसे होते. वाफ जराशी निवल्यावर ते एकेक करून कुकरच्या काठावरून उतरले आणि ओट्यावर दाराकडे तोंड करून जोडीजोडीने उभे राहिले.

“शिजले का हो?” सिंधूताईंनी आतून विचारले.

“प्रक्रिया सुरू आहे.”

“किती शिट्ट्या?”

“अकरा.”

“इकडे आणा बघू.”

तोडकरांनी ताटलीतून पाय नेऊन दाखवले. सिंधूताईंनी चष्मा लावला.

“साल आधी काढलीत? अहो, अनवाणी करून टाकलंत की त्यांना! आणि नखंही काढलीत? आता घसरणार नाहीत का ते? आधी फिरवायचं, मग सोलायचं. कुठे फिरवलंत?”

“टेबलावर.”

“टेबलावर,” सिंधूताई म्हणाल्या. “बागेत न्या. हिरवळीवरून. खडीवर नेऊ नका, बिचारे सोललेले आहेत.”

नगरपालिकेच्या बागेत कोंबडीचे पाय फिरवण्यासाठी कारंज्यामागची गोल वाट राखीव आहे. बागेचे राखणदार म्हेत्रे फाटकाशीच उभे होते.

“देशी का ब्रॉयलर?”

“ब्रॉयलर.”

“मग आतल्या कडेनं घ्या, वेळ लागतो त्यांना. आणि बाकावर बसवू नका, मागच्या आठवड्यात लोकांनी तक्रार केली.”

तोडकरांनी आठही पाय हिरवळीवर ठेवले आणि स्वतः चालू लागले. दहा पावलांवर त्यांनी मागे पाहिले. पाय जागच्या जागी उभे होते. ते परत आले, पायांच्या पुढे उभे राहून त्यांनी एक पाऊल टाकून दाखवले, नंतर चालण्याची पूर्ण क्रिया संथपणे तीन वेळा करून दाखवली. शेवटी त्यांनी किनाऱ्याचा पाठ सांगितला, घाटावरचा सांगितला आणि दोहोंतील साम्यस्थळे विशद केली. एक पाय दुसऱ्या पायावर चढून उभा राहिला.

म्हेत्रे हे सगळे पाहत होते.

“साहेब, खाणार कोण?”

“आमची पत्नी.”

“तुम्ही?”

“मी नाही खात. मी एकदाही खाल्लेले नाहीत. मला ती बोटं ताटात बघवत नाहीत.”

“मग ते तुमच्या मागनं कशाला येतील?” म्हेत्रे म्हणाले. “खाणाऱ्याच्या पावलाबरोबर चालतात ते. हे आमच्याकडं लहान पोरालाबी ठाऊक आहे. तुमी बाहेरगावचे काय?”

तोडकर कुरणपेठेत एकतीस वर्षे राहत होते. पाय पिशवीत भरून ते घरी आले आणि ग्रंथाचे दोनशे सतरावे पान त्यांनी उघडले. तळटीप अशी होती: ‘पाय केवळ खाणाऱ्याबरोबरच चालतात असाही एक भ्रष्ट पाठ मिळतो. माहिती देणारी एक वृद्धा. स्मृती क्षीण झालेली. प्रस्तुत लेखकाच्या मते दुर्लक्षणीय.’

ती वृद्धा म्हणजे त्यांच्या सासूबाई होत्या.

तोडकरांनी ग्रंथ घेऊन कॉटपाशी स्टूल ओढले आणि तळटीप मोठ्याने वाचून दाखवली.

“तुम्ही हे लिहून घेतलंत तेव्हा आई एक्कावन्न वर्षांची होती,” सिंधूताई म्हणाल्या.

“हो.”

“तुम्ही आत्ता अडुसष्ट आहात.”

“हो.”

“त्या दिवशी तुमचा चष्मा हरवला होता. तो तिनंच शोधून दिला. तुमच्या कपाळावर होता.”

तोडकरांनी ग्रंथ मिटला. “सिंधू, पाय तुझ्याशिवाय चालणार नाहीत. एवढंच मला सांगायचं होतं. नाहीतर राहू दे, मी ते परत मुलाणीकडे देतो.”

“परत देतात होय? सोललेले?” सिंधूताईंनी पिशवीकडे पाहिले. पिशवी आतून हलत होती. “जन्मभर शेडमध्ये उभे राहिले, आणि आता तुमच्यामुळे पिशवीत. सोडा त्यांना.”

तोडकरांनी पिशवी फरशीवर आडवी केली. आठ पाय बाहेर आले, कॉटपर्यंत गेले आणि सिंधूताईंच्या लोंबणाऱ्या पावलाखाली गोळा होऊन थांबले. सिंधूताईंनी चांगले पाऊल खाली ठेवले. मग कॉटची कड घट्ट धरून दुसरे ठेवले. गुडघा मोडला नाही. उजवीकडच्या जोडीने अर्धे पाऊल पुढे टाकले आणि ती थांबली.

“थांब गं, येते,” सिंधूताई तिला म्हणाल्या.

तोडकर हात द्यायला पुढे झाले, तसे आठही पाय थबकले.

“तुम्ही मागे राहा. तुम्ही आलात की थांबतात ते. तिकडे लसणाची टरफलं तशीच पडलीयेत, ती उचला.”

भिंतीला धरून त्या दारापर्यंत गेल्या. दारातून परसात, आणि परसातल्या दोरीच्या आधाराने पेरूच्या झाडापर्यंत. ओट्याशी उभ्या असलेल्या तोडकरांना त्यांचा आवाज ऐकू येत होता. “घाई नको. मलाही दुखतंय. हां, असं. हा पेरू. हा आईनं लावलेला.” तोडकर टरफले उचलायची विसरले. मधली खिडकी त्या दिवशी उघडी होती.

सोमवारी त्या पेरूपर्यंत तीनदा गेल्या, मंगळवारी बागेत. म्हेत्र्यांनी फाटक पूर्ण उघडून दिले. बुधवारी दुपारी तीन जोड्या आपणहून कुकरमध्ये चढल्या आणि दोन शिट्ट्यांत लोण्यासारख्या शिजल्या. सिंधूताईंनी रस्सा ओरपला, हाडे चोखून ताटाच्या कडेला मांडली आणि मीठ कमी असल्याचे सांगितले.

चौथी जोडी उंबऱ्यावर उभी होती.

“हिचं अजून राहिलंय का?” तोडकरांनी विचारले.

“माझ्याबरोबर येत नाही ती. कालपासून दारातून तुमच्याकडेच बघत उभी आहे.”

“पण मी खात नाही.”

“ते तिला सांगा.”

तोडकर जोडीसमोर उकिडवे बसले. मग उठून त्यांनी कपाटाखालची चप्पल काढली, धूळ झटकली.

गुरुवारी सकाळी दोघे दवाखान्यात चालत गेले. दवाखाना त्यांच्या घरापासून सव्वा मैलावर आहे. सिंधूताई पुढे होत्या, त्यांच्या मागे तोडकर धापा टाकीत चालले होते, आणि तोडकरांच्या चपलेला खेटून ती जोडी. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, पुन्हा यायची गरज नाही म्हणाले, आणि जोडीला बाहेर थांबवल्याबद्दल आभार मानले. परतीच्या वाटेवर तोडकर दोनदा बसले. संध्याकाळी जोडी दोन शिट्ट्यांत शिजली. सिंधूताईंनी ती वाटीत घालून पुढे ठेवली. तोडकरांनी डोळे मिटले, एक बोट उचलून तोंडात घातले आणि ते खाल्ले.