सप्रे यांनी तपासलेल्या तीन पोस्ट

काशिनाथ सप्रे यांचा वरचा पुढचा दात सोमवारी भुट्टा खाताना मोडला, आणि बुधवारी अकरा वाजता त्यांची प्रमोशनची मुलाखत होती. निवृत्तीआधीची शेवटची. दिल्लीच्या साहेबांसमोर हा माणूस तोंडात खिंडार घेऊन बसणार, या काळजीने त्यांच्या पत्नी सुमित्राबाईंना घास उतरेना.

"मूळ शाबूत आहे, काका," संध्याकाळी अरेरा कॉलोनीतल्या डॉ. नलिनी भागवत म्हणाल्या. "मुळात खिळ्यासारखी पोस्ट बसवू, तिच्यावर नवा दात. बुधवारी सकाळी नऊला या."

त्यांनी तीन पोस्ट दाखवल्या. एक स्टीलची आट्यांची, एक स्टीलचीच पण गुळगुळीत, आणि एक पांढरी, फायबरची.

"यांचं टेस्ट सर्टिफिकेट?" सप्रे यांनी विचारलं.

सप्रे सरकारी कारखान्यात माल तपासायचे. अठ्ठावीस वर्षांत कागदाशिवाय साधा नटसुद्धा त्यांनी गेटच्या आत येऊ दिला नव्हता. मग स्वतःच्या तोंडात कसा येऊ देतील? त्यांनी इतका वाद घातला की डॉक्टरांनी तिन्ही पोस्ट पुडीत बांधून दिल्या.

"नुसत्या बघा हं, काका. एवढ्याच राहिल्यात. नवा स्टॉक शनिवारी येईल."

पण सप्रे यांच्या खात्यात बघणं म्हणजे मोडून बघणं. मंगळवारी कारखान्यात त्यांच्या मदतनीस गोविंदने दाताच्या मुळांऐवजी निंबाच्या दातूनचे, म्हणजे दात घासायच्या काडीचे, तीन तुकडे केले, त्यांत पोस्ट चिकटवल्या आणि एकेक करून दाबाच्या यंत्राखाली धरल्या.

"सर, ही आट्यांची एकदम तगडी आहे! तिला काही नाही झालं, दातूनच उभं चिरलं." गुळगुळीत पोस्ट वाकडी होऊन बाहेर आली. फायबरची सगळ्यांत आधी तुटली, पण दातूनला तडासुद्धा नव्हता.

"हीच पाहिजे!" सप्रे खुश झाले. "मोडायचंच तर पोस्टने मोडावं. पोस्ट दुसरी मिळते, मूळ कुठून आणणार?"

त्यांनी चार पानी रिपोर्ट लिहिला. फायबर मंजूर. आट्यांची नामंजूर, लाल शिक्क्यासह.

बुधवारी नऊ वाजता डॉक्टरांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. "अगदी बरोबर. मी हीच बसवणार होते. द्या."

सप्रे यांनी पुडी उघडली. आत फायबरचे दोन तुकडे, एक वाकडी पोस्ट आणि एक धडधाकट आट्यांची. सप्रे यांना दरदरून घाम फुटला.

"म्हणजे चांगली होती ती तुम्ही मोडलीत?" सोबत आलेल्या सुमित्राबाईंनी विचारलं.

"चाचणी तशीच असते."

"आणि नापास तेवढी उरली?"

"नापास माल मी आजवर कधीही..."

"सव्वानऊ झालेत. आ करा!" सुमित्राबाईंनी दटावलं.

डॉक्टरांनी आटे न पिळता ती पोस्ट अलगद चिकटवली आणि वर तात्पुरता दात बसवला. "शनिवारी बदलू. तोवर जोर नको. घाईने बोलू नका, तोंड फार उघडू नका. मूळ चिरलं तर दात गेलाच समजा."

मुलाखतीत सप्रे जीव मुठीत धरून बसले. प्रत्येक शब्द तोलून, ओठांतल्या ओठांत. मोठ्या साहेबांनी एक आकडा चुकीचा सांगितला, मग दुसराही. सप्रे यांनी जिभेने दात चाचपला आणि मान डोलावली. एवढं कठीण काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. सुमित्राबाईंनी मोठ्याने वाचलं, "निवड झाली आहे. उमेदवार संयमी व मितभाषी असून वरिष्ठांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतात." त्यांनी पाकिटावरचं नाव पुन्हा तपासलं.

"अहो, हे पत्र आपलंच आहे ना?"

"बघू!" आता सप्रे यांच्या दातात पक्की फायबरची पोस्ट होती. त्यांनी पत्र हिसकावून घेतलं, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तारीख चुकलीय यात! हे चालायचं नाही. आत्ता जाऊन सांगतो त्यांना."

सुमित्राबाईंनी उठून दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.