कुमुदिनीबाई पोतनीस यांणी दैत्यपद घेतले त्याची हकीकत

श्रीशारदेस दंडवत, शब्द अडखळेल तेथे तिणे हात द्यावा. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, कुमुदिनीबाई पोतनीस राहात होत्या. वय वर्षे एकाहत्तर. मुलींच्या शाळेवर हेडबाई म्हणोन बहुत वर्षे अंमल केला, लग्न केले नाही, आणि सत्यवचनी ऐसी ख्याती की पेठेत तंटा जाहला म्हणजे लोक म्हणत, बाई काय सांगतात ते पाहा. त्यांचे धाकटे बंधू भालचंद्रराव यांणी आपला अभ्यास टाकून नाटकात जाण्याचे योजिले, ते वडिलांस कळले, आणि वडिलांनी बाविसाव्या वर्षी त्यांस घराबाहेर काढिले. मग रावांनी चाळीस वर्षे गावोगाव खलनायकाची कामे केली. पुढे त्यांचे हृदय थकले, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बाई खासा इस्पितळात गेल्या आणि म्हणाल्या, "भालू, घरी चल." आणि राव आले. सामान म्हणजे कपड्यांची एक पिशवी आणि व्हिडिओ गेमचे यंत्र.

त्या खेळात कज्जलासुर नामे दैत्य, त्याचा पाताळात किल्ला, आणि चाकरीस भुते ऐशी आळशी की लढाई ऐन रंगात आली म्हणजे जांभया देत. त्याजवर सद्गुणसेन नामे शूर सरदार चालोन येई. राव नेहमी दैत्य होत आणि बाईंकडे सरदार देत. बाई नेमाने लढत, नेमाने हरत, आणि मग उठोन चहा टाकीत. एके दुपारी राव बोलिले, "अक्का, आज तू दुष्ट हो."

"मला नाही जमायचं ते."

"एकदा होऊन तर बघ. फार मजा असते गं. लोक शिव्या घालतात आणि आपण गालात हसायचं."

मग बाईंनी दैत्यपद घेतले. प्रथम चाचरत पुलास तेल लाविले, आणि सरदार घसरोन खंदकात गेला. मग बाईंनी त्याजवर शिंकांची पूड उधळिली, आणि तो शिंकत असता त्याचा घोडा पळविला, आणि घोड्याचे जागी बोकड बांधिला, आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा काढोन डोळे पुसावे लागले. जन्मभर सत्यवचनी म्हणविल्या होत्या, म्हणोन लबाडीची गोडी त्यांस नवी होती. रोज दोन प्रहरी जेवणे उरकली की आपणच यंत्र लावीत आणि रावांस हाक मारीत, "या सद्गुणसेन, या मरायला!" राव हसत, हसता हसता खोकत, आणि पुन्हा हसत. ऐसे आठ दिवस गेले, आणि त्या घरात इतके सुख पूर्वी कधी जाहले नव्हते.

खेळाचा नेम ऐसा की सरदार पिंजऱ्यात सापडला म्हणजे दैत्याने आपली कारस्थाने उघड करावी, आणि तितक्या अवकाशात सरदाराने निसटावे. रावांची अट अशी की ते भाषण बाईंनी तोंडाने करावे. बाई म्हणत, तुझ्या राज्यातल्या जिलब्या मी चोरल्या, तुझ्या राणीचे केस मी कापले. नवव्या दिवशी सरदार पिंजऱ्यात पडला आणि बाई पदराने चष्मा पुसू लागल्या.

"बोल की अक्का. वेळ चाललाय."

"नाटक कंपनीचं पत्र आलं होतं तुझं," बाई पडद्याकडे पाहात बोलिल्या. "ते मी फोडलं. मीच बाबांना दाखवलं. पोस्टमननं बाबांच्या हाती दिलं असं तू समजत राहिलास, मी समजू दिलं."

पिंजऱ्याचे दार उघडले. रावांनी कळ दाबिली नाही. सरदार होता तेथेच उभा. मग रावांनी विचारिले, "चार वर्षांनी आई गेली. माझं नाव घेतलं होतं तिनं?"

येथे बाईंस लबाडी करिता येती. केली नाही. "चार दिवस घेत होती. मी म्हटलं, निरोप धाडलाय. धाडला नव्हता. बाबांची भीती वाटली."

रावांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "हे तरी सांगायचं होतंस गं," आणि भिंत धरोन आपले खोलीत गेले.

त्याउपरी नऊ दिवस खेळ बंद. औषध दिले तर घेत, ताट वाढले तर जेवत, बोलणे हो-नाही इतकेच. बाई माजघरात बसत आणि खोलीतील खोकला ऐकत. दहाव्या दिवशी राव आपण होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "लाव ते यंत्र. आज दुष्ट मी."

बाई सरदार जाहल्या आणि लवकरच पिंजऱ्यात सापडल्या. मग रावांनी यंत्र मांडीवर ठेविले, आणि ज्या आवाजाने थिएटरातील शेवटली रांग दचके तो आवाज आता उरला नव्हता, म्हणोन हळू बोलिले, "आई गेली त्याच्या आदल्या महिन्यात आमचा प्रयोग इथंच होता. मी आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. गॅलरीत आईचं लुगडं वाळत होतं. म्हटलं, बाबांनी आधी हाक मारावी. आणि परत फिरलो. सगळा दोष तुम्हा घरच्यांच्या माथी मारला, अक्का, आणि त्याच रागावर चाळीस वर्षं काम केलं."

बाईंनी त्यांचा हात धरिला. दोघे रडली. पडद्यावर वेळ सरला आणि भुते नाचू लागली, तिकडे कोणी पाहिले नाही.

पाचवे दिवशी सकाळी इस्पितळात भालचंद्ररावांनी देह ठेविला. नाटकवाले बहुत लोटले. उंच, मोठे, रंगमंचावर राजे झालेले पुरुष पोरांसारखे रडत होते. मग देह न्यावयाची वेळ जाहली, आणि त्यांतील एक म्हातारा नट, ज्यास वाटे की रावांस मागेपुढे कोणी नाही, त्याने विचारिले, "घरचं कोणी आहे का?"

गर्दीतून कुमुदिनीबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "मी आहे. घरची मी आहे."

येणेप्रमाणे भावाबहिणीचा सहवास एकूण एक महिना दोन दिवस जाहला; त्यांत हसण्याचे दिवस आठ. बाई हयात आहेत. ऐकिले तितके लिहिले, अधिक ठाऊक नाही.