त्या लोकांचा पंखा

निरोप समारंभात मिळालेल्या खोक्याचा चकचकीत कागद बसथांब्यावर कोपऱ्यात फाटला आणि आतून 'त्या लोकांचं' नाव डोकावलं. काकांनी आधी चष्मा पुसला, मग खोकं पुसलं. नाव काही पुसलं जाईना.

'ते लोक' म्हणजे समोरची पंखा कंपनी. काकांचा उभा जन्म आपल्या कंपनीत पंखे ऐकण्यात गेला होता. तयार झालेला पंखा त्यांच्यासमोर फिरायचा, काका डोळे मिटून कान लावायचे आणि म्हणायचे, "पास." नाहीतर, "परत." म्हणून सगळा कारखाना त्यांना कानवाले काका म्हणायचा. त्यांच्या घरात त्या लोकांचं नाव काढायची सोय नव्हती. लेकीच्या सासरी त्यांचा पंखा होता, तर ऐन उन्हाळ्यात काका तिथे वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचे. जावई बटणाकडे निघाला की म्हणायचे, "राहू दे, मला थंडी वाजते." आणि कपाळावरचा घाम हळूच पुसायचे.

यंदा कंपनीनं पंखे ऐकायला यंत्र आणलं आणि काकांच्या गळ्यात मुदतीआधीच हार पडला. सकाळी काकूंनी विचारलं होतं, "एवढं राबलात, देणार तरी काय आहेत?" काका ताठ होऊन म्हणाले होते, "कंपनी आपली आहे. बघच तू!" आता काय बघायचं ते फाटक्या कागदातून दिसत होतं. ज्या कंपनीच्या जिवावर बायकोपुढे जन्मभर मिरवलं, तिनं जाता जाता वैऱ्याचा पंखा हातात ठेवला, हे घरी सांगायचं कोणत्या तोंडानं? चूक झाली असेल, बदलून देतील. काका तडक माघारी फिरले.

फाटकावर मिशीवाला वॉचमन होता. त्यानं खोकं पाहिलं आणि कसानुसा झाला.

"काका, तुम्ही या की. तुम्हाला अडवणारा मी कोण? पण पंखा आत जायचा नाही."

"का म्हणून?"

मिशीवाल्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'परक्या कंपनीचा पंखा फाटकाच्या आत आणू नये.'

"तुम्हीच लावून घेतलीत ना ती? कोणत्या तरी साहेबांनी टेबलाखाली त्या लोकांचा पंखा ठेवला होता, तेव्हा केवढा तमाशा केला होतात!"

काकांना आठवलं. मोठ्या मालकांनी तेव्हा सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली होती. पुढे मालक गेले, मुलांनी कंपनी विकली, नवे साहेब आले. पाटी मात्र कुणी काढली नव्हती, कारण कुणी वाचलीच नव्हती.

"थांबा, ऑफिसातल्या मॅडमना फोन लावतो. बक्षीस त्यांनीच आणलंय," मिशीवाला म्हणाला.

फोनमधला आवाज काकांनाही ऐकू येत होता. त्यांच्या कानांना काय, भिंतीपलीकडचंही ऐकू यायचं.

"कोण काका?"

"कानवाले, मॅडम. दुपारी हार घातलात ते."

"अच्छा, ते होय! आवडला नाही का पंखा? पंख्यांच्या खात्यातले म्हणून मुद्दाम पंखाच घेतला. ऑनलाइन स्वस्तात मिळाला."

"अहो, पण तो त्या लोकांचा आहे."

"कुठल्या लोकांचा?"

मिशीवाल्यानं काकांकडे पाहिलं आणि हळूच फोन ठेवला. काका खोक्याचा फाटका कागद अंगठ्यानं दाबून बसवायला लागले. शेवटी मिशीवालाच म्हणाला, "मी ठेवून घेऊ का? केबिनमध्ये जीव जातो उकाड्यानं."

"तुझी केबिन फाटकाच्या आत आहे रे, बाबा."

"हो की!" मिशीवाला म्हणाला. दोघंही हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

घरी आल्यावर काका चोरासारखे आत शिरले, खोकं पलंगाखाली सरकवलं आणि वरून चादर ओढली.

"अहो, काय दिलं?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

"मोठं आहे. टेम्पोनं पाठवणार आहेत."

"काय?"

"टेम्पोत मावेल असं."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग पलंगाखाली काय आहे? ही चादर जमिनीपर्यंत कधीपासून यायला लागली?" त्यांनी खोकं बाहेर ओढलं, फाटका कोपरा पाहिला, नाव वाचलं. काका भिंतीकडे बघत राहिले. आता ही हसेल, नाहीतर कंपनीचा उद्धार करेल, असं त्यांना वाटलं. काकू मात्र मटकन पलंगावर बसल्या.

"एक सांगू? रागावू नका," त्या म्हणाल्या. "हा वरचा पंखा आहे ना, तोही त्याच लोकांचा आहे. आपला जळला तेव्हा तुम्ही कामावर होतात. दुकानात तुमच्या कंपनीचा नव्हता, आणि पोरीची परीक्षा होती. मी हा आणला आणि जुन्यावरचा कंपनीच्या नावाचा बिल्ला काढून याला चिकटवला."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आपल्या कंपनीचा पंखा चालू होताना थोडा खोकतो. हा खोकलाच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू स्टुलावर चढून, माझ्यासाठी..." काकांनी वर पंख्याकडे पाहिलं. "वाकडा चिकटवला होतास. दुसऱ्या दिवशी मीच सरळ केला."

काकूंना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. त्यांनी खोक्यातला पंखा काढून टेबलावर ठेवला, बटण दाबलं. काकांनी सवयीनं डोळे मिटले आणि कान लावला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.

"पास," ते म्हणाले आणि हार घालताना, फोटो काढताना दिवसभर धरून ठेवलेलं रडू त्यांना एकदम फुटलं. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग छताकडे बघत त्यांनी विचारलं, "वरचा बिल्ला काढून टाकू का आता?"

"नको," काका नाक पुसत म्हणाले. "राहू दे. तो कंपनीनं थोडाच लावलाय?"