बागेत बसायचा अर्ज

“सोमवारी तू ये. आपण बागंत बसू. समदं मी बघतो, तू फकस्त ये!”

आश्रुबानं फोनवर असं काही ठणकावून सांगितलं, जणू ती बाग त्याच्या आज्यानंच लावली होती!

फोनच्या पलीकडं तलवाड्याला अंजना होती, त्याची बायको. अलीकडं, शहरातल्या दोन खोल्यांत, लेक भागवत, सून बबिता, दोन नातवंडं अशी सगळी जनता कान टवकारून बसली होती. कारण फोन भागवतचा, आणि म्हाताऱ्याचा फोन म्हणजे कायम स्पीकरवर! सहा महिन्यांत नवरा-बायकोनं बोललेला एकही शब्द असा नव्हता जो नातवंडांना पाठ नव्हता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला म्हणून भागवतनं बापाला इकडं आणलं. डॉक्टर म्हणाले, धुळीत जायचं नाही. आता मेंढरामागं चालायचं आणि धुळीत जायचं नाही, हे जमायचं कसं? मग राहिला इथंच. महिनाभर म्हणून आलेला माणूस, सहा महिने झाले. बबिता डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर घालायची, ताटात तूप वाढायची. तक्रारीला जागाच नाही हो! पण आश्रुबाला करमत नव्हतं. रोज पहाटे जाग यायची आणि कान बाहेर जायचे. बाहेरून काय ऐकू यायचं? पाण्याच्या मोटारीची घरघर!

चाळीस वर्षं तो आणि अंजना मेंढरांमागं हिंडले. दुपारी कळप सावलीला बसला, की ही दोघं गवतावर टेकायची, भाकर सोडायची. जे काय बोलायचं ते तिथंच. लेकरांची लग्नं गवतावर ठरली, भांडणं गवतावर झाली आणि गवतावरच मिटली. घरात, चार भिंतींत, खुर्चीवर बसून बायकोशी बोलायचं कसं, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

आणि त्याला बोलायचं होतं. एकच वाक्य होतं. ‘मला हितं करमंना, मला घेऊन चल.’ हे सुनेसमोर कसं म्हणायचं? तिला वाटायचं, आपलंच काही चुकलं. म्हणून बाग!

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी बागेत. हिरवळ बघून आश्रुबाचा जीव हरखला. चप्पल काढली, एक पाय टेकवला, तोच फुर्रर्र करून शिट्टी वाजली. राखणदार रुद्रप्पा धावत आला.

“ओ बाबा! पाय काढा! पाटी दिसंना का?”

“दिसत न्हाई म्हणूनच तर आप्रेशन केलं,” आश्रुबा म्हणाला. “काय लिव्हलंय?”

रुद्रप्पानं पाटी वाचून दाखवली. हिरवळीवर बसू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ खाऊ नयेत. फुले तोडू नयेत. जनावरे आणू नयेत.

“मंग गवत लावलंय कावून?” आश्रुबानं अगदी मनापासून विचारलं. “कुणी बसायचं न्हाई, कुणी चरायचं न्हाई!”

“बघायला.”

“गवत बघत्यात?”

रुद्रप्पा माणूस वाईट नव्हता. त्यानं डोकं खाजवलं. “बाबा, बसायचंच आसंल तर नगरपालिकेतून लेखी परवानगी आना. मी सोता चटई टाकून देतो.”

झालं! आश्रुबा तडक नगरपालिकेच्या दारात. तिथं लिंबाखाली आसाराम अर्जवाला बसायचा. वीस वर्षांत त्यानं मोर्चाचे, धरण्याचे, उपोषणाचे इतके अर्ज लिहिले होते, की त्यानं वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायला घेतल्या तरी खाली ‘तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असं उमटायचं.

“बोला बाबा, काय पायजे?”

“बसायचंय.”

“कुठं?”

“बागंत. हिरवळीवर. सोमवारी.”

“कोण कोण?”

आता आपल्याकडं जुना माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. आश्रुबा जरा लाजला, टोपी नीट केली आणि म्हणाला, “मी... आन् आमची मंडळी.”

आसारामनं लिहिलं, ‘मी व माझी मंडळी.’

“आजून?”

आश्रुबाला पाटीवरचा नियम आठवला. उगं भानगड नको! “आन् हे ठळक लिवा, आमी काय बी खाणार न्हाई. घास सुदिक न्हाई!”

आसारामनं चष्मा वर केला. म्हाताऱ्याकडं आदरानं पाहिलं. “किती दिवस?”

“सांजंपसवर. मन भरंस्तवर बसू.”

अर्ज तयार झाला. ‘मी व माझी मंडळी येत्या सोमवारी बागेत काहीही न खाता बसणार आहोत, तरी परवानगी मिळावी. न मिळाल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.’ शेवटचं वाक्य आसारामनं सवयीनं टाकलं. आश्रुबानं अंगठा उठवला, आत नेऊन दिला. बाबूनं दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा जांभळा शिक्का मारला. आश्रुबानं तो शिक्का म्हणजेच परवानगी समजून कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि छाती पुढं काढून घरी आला.

आत मात्र गोंधळ उडाला! साहेबांनी अर्ज तीनदा वाचला.

“मंडळी म्हणजे किती? शंभर? पाचशे?”

“लिहिलेलं नाही, साहेब.”

“मागणी काय आहे?”

“तीच लिहिलेली नाही, साहेब.”

साहेबांना घाम फुटला. मागणी कळली तर मान्य करता येते, निदान फेटाळता तरी येते. बिनमागणीचं उपोषण मिटवायचं कसं? लगेच पोलिसांना पत्र गेलं.

सोमवार उजाडला. अंजना बोचकं घेऊन आली. सहा महिन्यांत वाळली होती जरा. पण सगळे बघत होते म्हणून आश्रुबा एवढंच म्हणाला, “आलीस का?” ती म्हणाली, “आले.” घोटभर चहा झाला, दोघं बागेकडं निघाली. बोचकं ठेव म्हटलं तर तिनं ठेवलं नाही.

बागेच्या दारात पोलिसांची जीप! हिरवळीवर चटई! रुद्रप्पा हात जोडून उभा!

“या बाबा, बसा! बसा माय!”

“बगितलंस?” आश्रुबा बायकोच्या कानाशी लागला. “वजन हाय आपलं हितं!”

अंजना बसली. गवतावर हात फिरवला. आश्रुबा शेजारी टेकला. सहा महिन्यांनी! त्यानं तोंड उघडलं, “मी काय म्हंतो...”

“आगे बढो!!!”

दहा-बारा माणसं घोषणा देत आत शिरली. पुढं बद्रीनाथ. शहरात कुणीही उपोषणाला बसलं की पाठिंबा द्यायला हा पहिला. त्यानं आश्रुबाच्या गळ्यात हार घातला, अंजनाच्या पुढ्यात हार ठेवला आणि फतकल मारून दोघांच्या बरोब्बर मधी बसला!

“काका, घाबरू नका. आमी हाय!”

“तेच तर,” आश्रुबा पुटपुटला.

अंजनाला काही कळेना. शहरात बागेत बसायची हीच रीत असेल, असं धरून तिनं धपाट्याचं फडकं सोडायला घेतलं. बद्रीनाथनं झडप घातली. “मावशी! उपोषण हाय! पेपरवाले बघायलेत!”

“कुनाचं उपोषण?”

“तुमचं!”

“आगं बया! मला तर भूक लागलीया!”

चार वाजता साहेब मोसंबीचा रस घेऊन आले. मंडळी म्हणजे एक म्हातारी आहे हे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. “बाबा, तुमच्या सगळ्या मागण्या मान्य! रस घ्या आणि उपोषण सोडा.”

“सोडलं की उठावं लागंल?” आश्रुबानं विचारलं.

“म्हणजे काय! घरी जायचं.”

अजून वाक्य बोलायचं राहिलं होतं! आश्रुबानं पेला बाजूला सारला. “न्हाई सोडत!”

टाळ्यांचा कडकडाट! साहेबांनी दुसऱ्यांदा पेला पुढं केला. आश्रुबानं दुसऱ्यांदा सारला. साहेब रडकुंडीला आले. “अहो, पण मागणी काय आहे तुमची?”

आश्रुबानं सगळ्यांकडं पाहिलं. हवालदार, पेपरवाले, बद्रीनाथ, झाडून सगळे. “सायब, मागणी एकच हाय. तुमी समदी जरा तिकडं जावा. सहा म्हैने झालं, बायकूसंगं बोलाया मिळंना.”

मग साहेबच उठले. सगळ्यांना हाकत थेट फाटकापाशी घेऊन गेले.

आता हिरवळीवर दोघंच. आश्रुबाचं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक!

“मेंढरं कशी हायती?” तो म्हणाला.

“बरी हायती,” अंजना म्हणाली. “ह्ये इचाराया पोलीस गोळा केले व्हय?”

“न्हाई.” त्यानं गवताची काडी उपटली. “मला हितं करमंना, अंजे. मला घेऊन चल.”

अंजनानं कपाळावर हात मारला. “आवं, मी न्यायलाच आलते! दाक्तरनं हो म्हणलंय. भागवतला फोनवर इचारलं, त्यो बी हो म्हणला. तुमचे कपडे त्यानंच गुपचूप ह्या बोचक्यात भरल्यात!”

“मंग सकाळीच कावून न्हाई सांगितलं?”

“सुनंसमोर कसं सांगू? तिच्या जिवाला लागंल. म्हणलं, बागंत निवांत सांगावं.” तिनं डोळ्याला पदर लावला. “उठा आता. साडेपाचची गाडी हाय. मला तरी कुठं करमतंय तिकडं?”

आश्रुबा टुणकन उठला. ऑपरेशन डोळ्याचं होतं, पण बरे गुडघे झाले! दोघं फाटकापाशी आली, तर बद्रीनाथ आडवा.

“काका, असं उठता येत न्हाई! रस घेतल्याबिगर उठलात तर आमचं नाक कापलं जाईल!”

“दे की मंग रस! कुठंय?”

सगळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी हवालदाराकडं पाहिलं. हवालदारानं मिशी पुसली. “ऊन लई होतं, सायब,” तो म्हणाला.

समोरच्या रस्त्यावरून तलवाड्याची गाडी हॉर्न देत वळली. अंजनानं आश्रुबाची बाही धरली.

“आवं,” ती म्हणाली, “हितं उठायचा बी अर्ज करावा लागतो का ओ?”